ठेंगणे पीक, भरली कणगी

फाल्गुन लागला की गव्हाच्या शेतात शेतकऱ्याचा जीव टांगलेला असतो. ओंब्या भरत आलेल्या असतात, काड पिवळे पडू लागलेले असते, आणि अशा वेळी एखाद्या सायंकाळी वारा सुटतो, अवकाळी पावसाची एक सर येऊन जाते. सकाळी बांधावर जाऊन पाहावे, तो काल छातीइतके उंच उभे असलेले पीक सतरंजी अंथरल्याप्रमाणे जमिनीवर निजलेले दिसते. याला आपल्याकडे पीक लोळणे असे म्हणतात. लोळलेल्या पिकाच्या ओंबीत दाणा नीट भरत नाही. खाली दबलेल्या ओंब्यांना ओल लागून बुरशी येते, काही दाणे जागच्या जागी मोड धरतात, आणि उंदरांना आयती मेजवानी मिळते. अशा पिकात विळा चालवणाऱ्याची कंबर मोडते, ती गोष्ट निराळीच.

यातील विपरीत गोष्ट अशी, की ज्याने मशागत अधिक केली, खत अधिक घातले, पाण्याची पाळी चुकू दिली नाही, त्याचेच पीक आधी लोळते. शेजारच्या हलक्या रानातील किरटे पीक मात्र वाऱ्यापावसाला न जुमानता उभे राहते. कष्टाळू माणसाला दंड आणि आळशाला अभय, असा हा न्याय! शेतकरी तो पिढ्यान् पिढ्या निमूटपणे सोसत आला. त्याचे कारण व त्यावरील उपाय हे दोन्ही विसाव्या शतकात हाती आले. तो उपाय म्हणजे पिकाची उंची कमी करणे. ऐकताना हा उपाय विचित्र वाटतो, कारण उंच पीक हेच चांगले पीक, अशी आपल्या डोळ्यांची जुनी शिकवण आहे. परंतु गहू आणि भात या दोन धान्यांच्या बाबतीत हीच शिकवण बदलावी लागली, आणि ती बदलली म्हणून कोट्यवधी माणसांच्या ताटात घास पडला. ही शिकवण कशी बदलली आणि ती कोठवर खरी आहे, हे पाहण्यासारखे आहे.

प्रथम पीक लोळते का, ते पाहू. रोपाला अन्न मिळते ते मुळांतून आणि पानांतून. या अन्नाचा विनियोग रोप दोन कामांकडे करते. एक, स्वतःचे अंग वाढवणे, म्हणजे खोड, पाने, कांडी. आणि दोन, बीज धरणे. जुन्या गव्हाच्या वाणांत मिळकतीचा मोठा भाग पहिल्या कामाकडे जाई. एकंदर रोप वाळवून तोलले, तर दाण्याचे वजन साधारण एक तृतीयांश भरे आणि उरलेले सारे काड व भूस. नत्राचे खत घातले की रोपाची मिळकत वाढे. परंतु खर्चाची सवय तीच असल्यामुळे ते आणखी उंच होई. उंच आणि कोवळ्या काडावर भरलेली ओंबी आली, की लांब काठीच्या टोकाला गाठोडे बांधल्यासारखी तिची अवस्था होई, आणि वाऱ्याच्या पहिल्या झोताबरोबर ते काड वाकून जाई. म्हणजे खत घालून पीक वाढवायचे, तर आधी रोपाची खर्चाची सवय बदलायला हवी होती.

ही सवय बदलता येईल का? उंची हा रोपाचा स्वभाव आहे की केवळ जमिनीचा व खताचा परिणाम आहे? या प्रश्नाचे पहिले पक्के उत्तर शेतात मिळाले नाही. ते एका मठाच्या बागेत मिळाले. आजच्या चेक प्रजासत्ताकातील ब्रनो शहरी सेंट थॉमसचा मठ आहे. तेथे ऑगस्टिनियन संघाचे एक धर्मगुरू, ग्रेगोर मेंडेल, राहत होते. ते गावातील शाळेत निसर्गशास्त्र शिकवीत. शिक्षकाच्या पात्रतेची परीक्षा मात्र दोनदा प्रयत्न करूनही त्यांना उत्तीर्ण होता आले नाही. या परीक्षेत नापास झालेल्या शिक्षकाने १८५६ ते १८६३ या काळात मठाच्या बागेत वाटाण्याच्या रोपांवर जे प्रयोग केले, ते आज जगातील प्रत्येक शाळेत शिकवले जातात.

मेंडेल यांनी वाटाण्याची सात लक्षणे निवडली. त्यांतील एक लक्षण वेलाच्या उंचीचे होते. एका जातीचा वेल सहा-सात फूट वाढे, तर दुसरीचा जेमतेम पाऊण ते दीड फूट. या दोहोंचा संकर केला तेव्हा पहिल्या पिढीतील सारी रोपे उंच निघाली. ठेंगणेपण जणू नाहीसेच झाले. परंतु या उंच रोपांचे बी पुन्हा पेरल्यावर १०६४ रोपांपैकी ७८७ उंच आणि २७७ ठेंगणी आली. म्हणजे सुमारे तीनास एक हे प्रमाण पडले. यावरून मेंडेल यांनी अनुमान काढले, की ठेंगणेपण पहिल्या पिढीत मेलेले नव्हते, ते लपून होते. ते आईबापांकडून अखंड घटकाच्या रूपाने येते आणि योग्य जोडी जमली की पुन्हा प्रकट होते. त्यांचा निबंध १८६६ मध्ये छापला गेला. त्याकडे जवळजवळ कोणी लक्ष दिले नाही. मेंडेल पुढे मठाधिपती झाले व १८८४ मध्ये वारले. त्यांच्या कार्याची खरी ओळख जगाला १९०० मध्ये पटली.

मेंडेल यांनी घटक दाखवला; तो घटक रोपाच्या अंगात काय करतो, हे सांगणारा धागा मात्र जपानी भातशेतीतून आला. तेथे भातरोपांवर एक रोग पडे. रोगट रोप भराभर उंच होई, फिकट व बारीक पडे आणि शेवटी कोलमडे. शेतकरी त्याला ‘बाकानाए’, म्हणजे मूर्ख रोप, म्हणत. १९२६ मध्ये एइची कुरोसावा या संशोधकाने दाखवले, की या रोपांना एक बुरशी लागलेली असते आणि ती बुरशी जे द्रव्य सोडते त्यामुळे रोप वाढते. तेइजिरो याबुता यांनी १९३५ मध्ये या द्रव्याला जिबरेलिन असे नाव दिले. पुढे ध्यानात आले, की हेच द्रव्य निरोगी वनस्पतीही आपल्या अंगात तयार करतात. कांड्या लांब करण्याचा हुकूम त्याच्याकडून सुटतो. १९५५ मध्ये इंग्लंडात ब्रायन आणि हेमिंग यांनी ठेंगण्या वाटाण्याच्या रोपांना हे द्रव्य दिले, तेव्हा ती रोपे उंच जातीच्या रोपांप्रमाणे वाढली. १९९७ मध्ये मेंडेल यांच्या उंचीच्या घटकाचे जनुक सापडले, तेव्हा उलगडा पुरा झाला. ठेंगण्या वाटाण्यात जिबरेलिन तयार करण्याची शेवटची पायरी अधू असते.

येथे ठेंगणेपणाचे दोन प्रकार ओळखून ठेवले पाहिजेत. काही रोपे जिबरेलिन पुरेसे तयार करू शकत नाहीत, म्हणून ठेंगणी राहतात. वाटाणा हा त्या प्रकारचा. दुसऱ्या प्रकारच्या रोपांत जिबरेलिन भरपूर असते, पण रोप त्याचा हुकूम ऐकतच नाही. अशा रोपाला बाहेरून कितीही जिबरेलिन दिले तरी ते वाढत नाही. जगाची भूक भागवणारा गहू या दुसऱ्या, म्हणजे कानाने बहिऱ्या, प्रकारचा निघाला.

त्या गव्हाचे मूळ जपानात आहे. तेथे ‘दारुमा’ नावाचा एक बुटका गहू होता. दारुमा हे बोधिधर्माचे जपानी नाव. भारतातून चीनमध्ये गेलेला बौद्ध भिक्षू म्हणून परंपरा त्याला ओळखते. त्याच नावाची एक गोलसर बाहुली जपानात घरोघर असते, आणि ती कितीही लोटली तरी पुन्हा सरळ उभी राहते. लोळू नये अशा गव्हाला याहून समर्पक नाव शोधूनही सापडले नसते. या दारुमाच्या रक्ताचा अमेरिकन गव्हांशी संकर होऊन गोन्जिरो इनाझुका यांच्या हातून इवाते प्रांतातील केंद्रात एक वाण सिद्ध झाला आणि १९३५ मध्ये ‘नोरिन १०’ या नावाने तो शेतकऱ्यांना मिळाला. त्याची उंची अवघी दोन फुटांच्या आसपास होती.

दुसरे महायुद्ध संपल्यावर १९४६ मध्ये सॅम्युएल सिसिल सॅमन हे अमेरिकन कृषितज्ज्ञ जपानात होते. त्यांना हा बुटका गहू दिसला. त्यांनी इतर काही वाणांबरोबर त्याचे बी मायदेशी पाठवले. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या देशातून जिंकणाऱ्यांनी पुष्कळ काही नेले असेल. पण त्या पुरचुंडीत जे होते त्याची किंमत तेव्हा कोणालाच कळली नव्हती. वॉशिंग्टन राज्यातील ऑर्व्हिल व्होगेल यांनी नोरिन १० चा ‘ब्रेव्हर’ या गव्हाशी संकर केला, आणि त्यांच्याकडून ते बी मेक्सिकोत नॉर्मन बोरलॉग यांच्याकडे गेले.

बोरलॉग हे तेथे तांबेऱ्याला दाद न देणारा गहू तयार करीत होते. तो त्यांना साधला होता. आता खत देताच त्यांचा गहू लोळू लागला होता. जपानी रक्ताच्या रोपांवर त्यांनी केलेला पहिला प्रयत्न तांबेऱ्याने वाया घालवला. पुढच्या खेपेस संकर जमला. मेक्सिकोत ते वर्षातून दोन पिके घेत. एक उत्तरेकडील सोनोरा प्रांताच्या सखल भागात, दुसरे मध्य मेक्सिकोच्या उंच पठारावर. या दोन्ही ठिकाणी दिवसाची लांबी व हवा वेगळी, त्यामुळे दोन्हीकडे टिकेल तेच रोप निवडले जाई. परिणामी जो गहू निघाला तो ठेंगणा तर होताच, शिवाय कोणत्याही देशात रुळण्याजोगा होता. १९६२ मध्ये असे पहिले वाण मेक्सिकोच्या शेतकऱ्यांच्या हाती पडले.

त्या वेळी आपल्या देशाची स्थिती काय होती? स्वातंत्र्यानंतर लोकसंख्या वाढत होती आणि अमेरिकेहून जहाजांनी गहू येत होता. १९६५ आणि १९६६ अशी लागोपाठ दोन वर्षे पावसाने दगा दिला. १९६५-६६ मध्ये देशात गहू पिकला तो सुमारे १ कोटी ४ लाख टन. १९६६ मध्ये परदेशातून आणलेले धान्य १ कोटी टनांवर गेले. रेशनच्या दुकानापुढील रांगा आणि लाल मिलोची भाकरी ज्यांनी त्या वर्षांत पाहिली, त्यांना त्या आकड्यांचा अर्थ वेगळा सांगावा लागत नसे.

या संकटाच्या आधीच दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत बेंजामिन पिअरी पाल आणि त्यांच्यानंतर एम. एस. स्वामीनाथन हे गव्हावर काम करीत होते. खत दिले की आपला गहू लोळतो, हे त्यांचेही दुखणे होते. स्वामीनाथन यांच्या सूचनेवरून बोरलॉग १९६३ मध्ये भारतात आले, आणि त्याच वर्षी मेक्सिकन बियाणे चाचणीसाठी येऊन पोहोचले. चाचण्यांचे निकाल पाहून १९६६ मध्ये सरकारने १८,००० टन बियाणे मेक्सिकोहून मागवले. सी. सुब्रमण्यम त्या वेळी अन्न व कृषिमंत्री होते. दुष्काळाच्या वर्षी एवढे परकीय चलन बियाण्यासाठी खर्च करणे हा मोठा धीराचा निर्णय होता.

बियाणे आले, पण ते पेरावे कसे, हा नवा प्रश्न उभा राहिला. आपल्याकडे पाभरीने गहू खोल पेरण्याची रीत होती. खालची ओल गाठावी हा तिचा उद्देश. परंतु बहिऱ्या जातीच्या ठेंगण्या गव्हाचे केवळ काडच आखूड असते असे नाही. कोवळ्या कोंबाभोवती जे म्यान असते, तेही आखूड असते. खोल पेरलेले बी उगवते, पण म्यान मातीच्या वरपर्यंत पोहोचत नाही आणि कोंब आतल्या आत मुरगळून मरतो. म्हणून हा गहू दोन इंचांच्या आसपास उथळ पेरावा, आणि पेरणीनंतर एकविसाव्या दिवसाच्या सुमारास, मुकुटमुळे फुटतात त्या वेळी, पहिले पाणी चुकवू नये, असे नवे नियम शेतकऱ्यांना शिकवावे लागले. पंजाब, हरियाणा आणि पश्चिम उत्तर प्रदेश या कालव्यांच्या व विहिरींच्या भागांत ते नियम पाळता आले. १९६७-६८ मध्ये गव्हाचे पीक १ कोटी ६५ लाख टनांवर गेले. १९६८ मध्ये सरकारने गहू क्रांतीचे टपाल तिकीट काढले.

मेक्सिकन गव्हाचा दाणा तांबूस होता आणि आपल्या गृहिणींना पोळीसाठी पिवळसर टपोरा दाणा हवा असतो. तेव्हा मेक्सिकोहून आलेल्या संकरित वंशांतून इकडील संशोधकांनी ‘कल्याण सोना’ आणि ‘सोनालिका’ हे पिवळ्या दाण्याचे ठेंगणे वाण निवडून काढले. सौराष्ट्रातील सणोसरा येथील लोकभारती या शिक्षणसंस्थेत सोनालिकाच्या वंशातून ‘लोक-१’ हा वाण पुढे आला. मुंबईपासून बडोद्या-इंदुरापर्यंतच्या किराणा दुकानांत ज्याला ‘लोकवन’ म्हणून मागतात, तो हाच गहू. आपल्या रोजच्या पोळीत दारुमाचे रक्त आहे, हे सांगितल्यावाचून कोणाच्या ध्यानातही येत नाही.

भाताची कथा याच सुमारास घडली, मात्र तिच्यातील ठेंगणेपण वाटाण्याच्या जातीचे होते. तैवानात ‘डी-जिओ-वू-जेन’ नावाचा बुटका भात होता. त्याच्यापासून १९५६ मध्ये ‘तायचुंग नेटिव्ह १’ हा वाण निघाला. १९६० मध्ये फिलिपीन्समध्ये लॉस बान्योस येथे आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था स्थापन झाली. तेथे १९६२ मध्ये पीटर जेनिंग्ज यांनी या बुटक्या भाताचा ‘पेटा’ या इंडोनेशियातील उंच भाताशी संकर केला. त्यातून १३० दाणे मिळाले आणि त्यांची सारी रोपे उंच वाढली. त्यांचे बी पुन्हा पेरले, तेव्हा सुमारे १०,००० रोपांत दर चार रोपांमागे एक ठेंगणे निघाले. मेंडेल यांच्या बागेतील तीनास एक हेच प्रमाण, शंभर वर्षांनी, वाटाण्याऐवजी भातात आणि बागेऐवजी चिखलात पुन्हा उभे राहिले होते. उंच रोपे सारी टाकून देण्यात आली. ठेंगण्यांतून निवड करता करता २८८ व्या ओळीतील तिसरे रोप हाती आले, आणि १९६६ मध्ये ते ‘आय. आर. ८’ या नावाने जगापुढे आले. त्याची उंची तीन-सव्वातीन फूट, काड ताठ आणि फुटवे भरपूर. २००२ मध्ये संशोधकांनी दाखवले, की या भातातही जिबरेलिन तयार करण्याचीच एक पायरी अधू आहे.

आपल्याकडे हैदराबादेजवळ राजेंद्रनगर येथे अखिल भारतीय भात सुधार प्रकल्प १९६५ मध्ये सुरू झाला. तेथे तायचुंग नेटिव्ह १ आणि ओरिसातील ‘टी १४१’ यांच्या संकरातून १९६८ मध्ये ‘जया’ हा वाण तयार झाला. गोव्यातील श्रोत्यांना या नावाची ओळख करून देण्याची गरज नाही. तेथील शेतांत जया आणि ज्योती ही दोन नावे घरच्या माणसांसारखी झाली आहेत.

या साऱ्या यशाचे मर्म काय? नवे ठेंगणे वाण जमिनीतून जादूने अधिक अन्न काढतात, असे नाही. ते मिळकतीची वाटणी बदलतात. जुन्या वाणात दाण्याचा वाटा एक तृतीयांशाच्या आसपास असे, तो नव्या वाणांत निम्म्याच्या जवळ गेला. काडाने जे सोडले ते दाण्याला मिळाले. शिवाय पीक लोळत नसल्यामुळे त्याला अधिक खत देता आले आणि एकूण मिळकतही वाढली. हे जसे यशाचे मर्म, तसेच त्याच्या मर्यादेचेही आहे. वाटणी बदलली की कोणाचा तरी वाटा कमी होणारच.

तो वाटा प्रथम कमी झाला गुराढोरांचा. ज्वारीच्या प्रदेशात तर हे फार लवकर दिसले. १९६४ मध्ये ‘सी. एस. एच. १’ ही पहिली संकरित ज्वारी आली. ताटे ठेंगणी, कणसे भरलेली आणि पीक लवकर हाती येणारे. खरिपात शेतकऱ्यांनी संकरित ज्वारी उचलली. परंतु रब्बीत सोलापूर, विजापूर, बेळगाव या पट्ट्यांतील शेतकऱ्याने मोहोळच्या निवडीतून आलेली उंच ‘मालदांडी ३५-१’ सोडली नाही. त्यात त्याचे अडाणीपण नव्हते, त्याचा हिशेब होता. ज्याच्या दावणीला बैलजोडी आणि दुभते जनावर आहे, त्याला एका शेतातून दोन पिके घ्यायची असतात. धान्य घरासाठी आणि कडबा गोठ्यासाठी. उन्हाळ्यात चारा विकत घ्यावा लागला, तर कणसात मिळवलेले दावणीत गेले असा प्रकार होतो. भाकरीची चव आणि कडब्याची गोडी या दोन्ही गोष्टी त्याच्या हिशेबात होत्या, प्रयोगशाळेच्या वहीत त्या उशिरा आल्या.

दुसरा प्रश्न पाण्याचा. ज्या माळव्यातील काळी जमीन पावसाळ्याची ओल पोटात धरून त्यावर गहू पिकवीत असे, तेथे वरची माती लवकर सुकते. तेथे खोल पेरणीच उपयोगी पडते, आणि आखूड म्यानाचा गहू खोल पेरणीला चालत नाही. सिहोरच्या बाजूस १९६५ मध्ये प्रसारित झालेला ‘सी ३०६’ हा उंच गहू पुढेही टिकून राहिला, त्याला मागणी राहिली आणि पोळीसाठी ग्राहक त्याला चार पैसे अधिकही देत आले, यामागे हेही एक कारण आहे. गोव्याच्या खाजण शेतीचीही तीच गोष्ट. तेथे खाऱ्या पाण्याशी झगडावे लागते आणि शेतात पाणी तुंबते. ‘कोरगुट’सारखा उंच देशी भात अशा ठिकाणी तग धरतो, ठेंगणा भात तेथे पाण्याखाली जातो. उंच रोपाचे उंचपण काही ठिकाणी डौलासाठी नसते, जगण्यासाठी असते.

ही अडचण ओळखून आता संशोधक दुसऱ्या प्रकारच्या ठेंगणेपणाकडे वळले आहेत. ‘आकाकोमुगी’ नावाच्या आणखी एका जपानी गव्हाचा इटलीत नाझारेनो स्ट्राम्पेल्ली यांनी १९१३ मध्येच संकर केला होता. त्याच्या वंशातील गहू आखूड काडाचा असूनही जिबरेलिनला बहिरा नाही, आणि त्याच्या कोंबाचे म्यान आखूड होत नाही. ओल खाली जाते अशा प्रदेशांत खोल पेरता येईल असा, तरीही न लोळणारा गहू अशा जनुकांतून घडवण्याचे काम चालू आहे.

काड किंवा खोड हेच जेथे पीक असते, तेथे तर सारा हिशेब उलटा होतो. ताग किंवा अंबाडी कोणी ठेंगणी करू पाहणार नाही, कारण धागा खोडातून निघतो. भांगेच्या झाडाची गोष्ट या दृष्टीने उद्बोधक आहे. युरोपात शतकानुशतके ही वनस्पती दोर आणि शिडाचे कापड यांसाठी लावत. ती दहा-बारा फूट सरळ वाढावी, फांद्या फुटू नयेत, अशीच तिची निवड झाली. भारतातून गेलेल्या नमुन्यांवरून फ्रेंच शास्त्रज्ञ लामार्क यांनी १७८५ मध्ये लिहिले, की इकडील झाड त्याहून लहान, अधिक फांद्यांचे व कठीण खोडाचे असते. म्हणजे एकाच वनस्पतीची दोन रूपे, माणसाने दोन निराळ्या हेतूंनी सांभाळलेली. पुढे विसाव्या शतकाच्या अखेरीस फिनलंडात बियांच्या तेलासाठी ती लावायची ठरली, तेव्हा उंच झाड अडचणीचे झाले. कापणीच्या यंत्रात लांब चिवट धागा गुंतून बसे. तेव्हा लवकर फुलणाऱ्या उत्तरेकडील वाणांतून ‘फिनोला’ नावाचा सुमारे पाच फुटांचा वाण निवडण्यात आला. याचे ठेंगणेपण तिसऱ्याच प्रकारचे आहे. दिवस लहान होण्याची वाट न पाहता हे झाड वय भरताच फुलावर येते, आणि एकदा फुलावर आले की उंची वाढवणे थांबवते. तथापि येथे वाणाची शुद्धता राखणे गव्हाभाताइतके सोपे नाही. गहू आणि भात बहुधा आपल्याच परागाने फळतात. भांगेत बहुतेक करून नर झाड वेगळे, मादी वेगळी, आणि पराग वाऱ्यावर दूरवर जातो. शेजारच्या रानातील उंच नराचा पराग आला, की पुढच्या पिढीत केलेली निवड विस्कटते.

सारांश, ठेंगणे चांगले की उंच, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. पाणी किती, खत किती, ओल कोठे, गोठ्यात कोण, आणि बाजारात काय विकायचे, एवढे ठरल्यावाचून उंचीचा निवाडा करता येत नाही. जेथे पाण्याची हमी आणि खताची ऐपत होती, तेथे ठेंगण्या गव्हाने व भाताने उपासमार टाळली, हा इतिहास आहे. तो नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. जेथे ती हमी नव्हती, तेथे जुन्या वाणांनी माणसे व जनावरे दोन्ही जगवली, हाही इतिहासच आहे.

आणि एक गोष्ट विसरता येण्यासारखी नाही. दारुमा गहू किंवा डी-जिओ-वू-जेन भात यांना त्यांच्या काळी कोणी जगाचा तारणहार समजत नव्हते. ते कोपऱ्यातील बुटके वाण होते. कोणीतरी ते दरवर्षी पेरले, त्यांचे बी काढून ठेवले, आणि ते पुढच्या हंगामापर्यंत किडीपासून राखले. ते बी एखाद्या वर्षी राखायचे राहून गेले असते, तर पुढे बोरलॉग आणि जेनिंग्ज यांना संकरासाठी काही उरलेच नसते. आज आपल्याकडील कोरगुट, मालदांडी, माळव्यातील जुने गहू यांच्यात कोणता गुण लपलेला आहे, हे आज सांगता येत नाही. मेंडेल यांच्या वाटाण्यातील ठेंगणेपणाप्रमाणे तो एक पिढी दिसणारही नाही. म्हणून पेरणीनंतर कणगीच्या तळाशी उरलेले पसाभर जुने बी दळणात घालण्यापूर्वी त्यातील मूठभर वेगळे काढून, राखेत मिसळून, मडक्यात भरून ठेवावे. वर्षाकाठी एवढी मूठ कोणत्याही घराला जड नाही.